मैलाला 116 फूट

"यात रेल्वे कुठे आहे?" मामांनी माझी वही टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला.

मी सॅक्रामेंटोत आठवीच्या मुलांना इतिहास शिकवते. मामा पुण्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत, रूळ सांभाळण्यात गेली. त्यातली बरीच वर्षं कर्जत-लोणावळ्याच्या घाटात. अमेरिका आडवी पार करणाऱ्या पहिल्या रेल्वेवर मी तीन आठवड्यांचा पाठ बेतला होता, आणि घरात रेल्वेचा माणूस आलाय म्हणून हौसेने त्यांना वाचायला दिला होता. ही रेल्वे आमच्याच गावातून निघाली. 1863 च्या जानेवारीत सेंट्रल पॅसिफिक कंपनीने इथे नदीकाठी पहिली कुदळ मारली. समोरून युनियन पॅसिफिक ओमाहाकडून आली. 10 मे 1869 ला युटामध्ये प्रोमोंटरी इथे दोन्हीकडचे रूळ भेटले. इथल्या मुलांना एवढं पाठ असतं. शेवटचा सोन्याचा खिळाही पाठ असतो. मला त्यापुढे जायचं होतं.

"मामा, पहिल्या पानापासून रेल्वेच आहे. चिनी मजूर आहेत, त्यांचा 1867 चा संप आहे, शायान आणि लकोटा लोकांच्या जमिनी आहेत, चिन्यांना देशाचं दार बंद करणारा 1882 चा कायदा आहे."

"हे सगळं रेल्वेच्या भोवतालचं झालं. चढण किती होती? बोगदा कसा खोदला? माती कुठून आणली, दगड कुठे टाकला? तुझ्या मुलांना घाट कसा चढतात हेच ठाऊक नसेल, तर तो चढवणाऱ्याचं मोल त्यांना कसं कळणार?"

"आणि मी शाळेत रेल्वे कशी शिकले, आठवतंय? 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे. झाला धडा. ज्यांनी भराव घातला त्यांच्याविषयी एक शब्द नव्हता. माझ्या मुलांना मला तसलं काही शिकवायचं नाही."

"तेही अपुरंच होतं. पण ते अपुरं होतं म्हणून तू दुसरं अपुरं शिकवणार?"

मला राग आला. तीन रात्री जागून मी ती वही तयार केली होती. तरी मी म्हटलं, बरं, मग तुम्ही असतात तर सुरुवात कुठून केली असती?

मामांनी कागद मागितला. "तुझ्या त्या 1862 च्या कायद्यात चढणीची मर्यादा दिली असेल. बघ."

दिली होती. लिंकनने 1 जुलै 1862 ला सही केलेल्या पॅसिफिक रेल्वे कायद्यात चढण आणि वळणं यांच्यासाठी बाल्टिमोर अँड ओहायो या जुन्या रेल्वेचा दाखला घेतला होता. तिच्यावरची कमाल चढण दर मैलाला 116 फूट. मी ही ओळ कितीदा वाचली असेल, पण तिच्यापाशी थांबले नव्हते. मामांनी तिथल्या तिथे भागाकार केला. "पंचेचाळीस-साडेपंचेचाळीसास एक. आपला बोरघाट सदतीसास एक. म्हणजे आपली चढण जास्त खडी. पण यांना चढायचं किती?"

"शंभरेक मैलांत जवळजवळ सात हजार फूट."

"अरे बापरे." ते जरा वेळ बोलले नाहीत. आपला घाट चढतो तो अठराशे फूट. मग त्यांनी दोन हातांचे तळवे एकमेकांवर घासून दाखवले. "लोखंडावर लोखंड. घर्षण कमी, म्हणून एक इंजिन एवढं ओझं ओढतं. आणि घर्षण कमी, म्हणूनच तेच इंजिन चढावर घसरतं. बैल डोंगर चढतो तसा इंजिनला चढता येत नाही. त्याला डोंगराची सोंड शोधून द्यावी लागते, हळूहळू वर नेणारी. नाही सापडली तर कातळ फोडायचा. हे मुलांना कळलं की मग पुढचं सगळं कळतं."

सोंड शोधणारा माणूस या गोष्टीत आहे. थिओडोर जूडा. या इंजिनिअरने सिएरा नेवाडात पायी आणि घोड्यावर भटकून दोन नद्यांच्या खोऱ्यांमधली एक सलग सोंड शोधून काढली, नकाशे काढले, वॉशिंग्टनला जाऊन खासदारांची मनं वळवली. त्याच्या नकाशांवर ज्या चार व्यापाऱ्यांनी पैसे लावले, ते स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रॉकर पुढे अफाट श्रीमंत झाले. जूडाचं त्यांच्याशी बिनसलं. दुसरे भांडवलदार मिळवायला तो 1863 मध्ये न्यूयॉर्कला निघाला. कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्कला जायचं तर बोटीने पनामाला, तिथे जमीन ओलांडून पुन्हा बोट. त्या वाटेवर त्याला पिवळा ताप झाला आणि सदतिसाव्या वर्षी तो गेला. जी रेल्वे त्याला बांधायची होती ती नसल्यामुळे त्याला ज्या वाटेने जावं लागलं, त्या वाटेने त्याचा जीव घेतला. मी हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "हा माणूस तुझ्या वहीत नाही."

नव्हता. मी त्याला त्या रात्री वहीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी मीही माझी बाजू पुढे केली. आमच्या घरापासून फार दूर नाही असा आर्केड क्रीक नावाचा ओढा आहे. मामांना तिथे घेऊन गेले. चहूकडे सपाट. घरं, रस्ते, ओक. "मामा, कागदोपत्री सिएरा नेवाडाचे डोंगर इथे सुरू होतात."

"इथे? डोंगर कुठे आहे?"

"पंधरा-वीस मैल पुढे. पण सरकार कंपनीला मैलामागे कर्जरोखे देत होतं. सपाटीवर मैलाला 16,000 डॉलरचे, डोंगरात 48,000 डॉलरचे. मग राज्याचे भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांना विचारलं गेलं की डोंगर नेमका कुठे सुरू होतो. इथली माती डोंगरातून वाहून आलेली आहे, असा आधार घेऊन या ओढ्यापाशी पायथा ठरला. सॅक्रामेंटोपासून सात मैलांवर. लिंकनने तो मान्य केला."

मामांनी ओढ्याकडे पाहिलं, मग पूर्वेकडे पाहिलं. ते खरोखर संतापले. "असं मेजरमेंट बुक माझ्यापुढे आलं असतं तर मी सही केली नसती. अगं, मैलावर पैसे मिळतात म्हटलं की ठेकेदार मैल वाढवतो. हा धंद्यातला पहिला धडा आहे."

"वाढवलेच. दोन्ही कंपन्या युटात आमनेसामने आल्या, तरी भराव घालणारी माणसं थांबली नाहीत. एकमेकांना ओलांडून समांतर भराव घालत गेली, दोनशे मैलांच्या वर. शेवटी 1869 च्या एप्रिलमध्ये काँग्रेसला मधे पडून भेटीची जागा ठरवावी लागली. युनियन पॅसिफिकच्या बाजूने तर बांधकामाची आणखी एक कंपनी काढली होती, क्रेडिट मोबिलियर. रेल्वेचे मालकच स्वतःला वाढीव दराने कंत्राटं देत होते आणि खासदारांना स्वस्तात शेअर्स वाटत होते. 1872 मध्ये ते बाहेर आलं."

"मग हे शिकव! गणिताच्या बाईंना बरोबर घे. मुलांना ओढ्यावर आण, उतार मोजायला लाव, मग कंपनीचं बिल करायला लाव. सात मैलांपासून खऱ्या पायथ्यापर्यंत किती जास्त मिळाले ते त्यांनीच काढू दे." चालता चालता ते मधेच थांबले. "हे तुझ्या वहीत होतं का?"

"दुसऱ्या आठवड्यात. एका ओळीत."

"पहिल्या दिवशी घे."

मी घेतलं. पण त्याच वाटेवर मी जमिनीचा विषयही काढला, कारण मैलाचा हिशेब फक्त रोख्यांचा नव्हता. 1864 च्या दुरुस्तीनंतर कंपनीला दर मैलामागे वीस चौरस मैल जमीन मिळू लागली, रुळाच्या दोन्ही बाजूंना एक सोडून एक, बुद्धिबळाच्या पटासारखी. एकरांत मांडलं तर मैलाला 12,800 एकर. मामांनी लगेच विचारलं, आधी ती कुणाची होती? भूसंपादनाची कागदपत्रं हाताळलेल्या माणसाला हा प्रश्न आपोआप सुचतो.

"1862 च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच त्याचं उत्तर आहे. या जमिनींवरचे इंडियन लोकांचे हक्क सरकार होता होईल तितक्या लवकर संपुष्टात आणील, असं तिथे लिहिलंय."

"कायद्यातच लिहिलंय?"

"कायद्यातच."

यावर मामांनी वाद घातला नाही. मात्र मी जेव्हा सगळ्या मूळ रहिवाशांना एका रांगेत रेल्वेचे बळी म्हणून उभं केलं, तेव्हा त्यांनी अडवलं. माझ्याच टिपणांत त्यांनी वाचलं होतं की पॉनी लोकांच्या तुकड्या युनियन पॅसिफिकच्या रुळांचं रक्षण करत होत्या, कारण लकोटा आणि शायान हे त्यांचे जुने शत्रू होते. "हे मुलांना सांगणार की नाही?" सांगणारच होते, पण खरं बोलायचं तर कसं सांगायचं ते ठरत नव्हतं. पॉनींनी रेल्वे राखली आणि काही वर्षांतच त्यांनाही नेब्रास्का सोडून दक्षिणेला जावं लागलं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायच्या, असं आता मी ठरवलंय. तेरा वर्षांच्या मुलाला तेवढं पेलतं.

आमचा खरा वाद बोगद्यावरून झाला.

सिएराच्या माथ्यावरचा सहा नंबरचा बोगदा 1,659 फूट लांब आहे, सगळा ग्रॅनाइटमधून. दोन्ही टोकांकडून खोदत बसलं तर वेळ फार लागेल म्हणून मधे वरून एक विहीर उतरवली आणि तिच्या तळातून दोन्ही दिशांना काम सुरू केलं; चार तोंडं झाली. एकाने पहार धरायची, दोघांनी घण घालायचे, भोक पाडून दारू ठासायची, बार उडवायचा, दगड उपसायचा. दिवसरात्र पाळ्या लावून एका तोंडाला दिवसाला जेमतेम एक फूट. पुढे तिथेच नायट्रोग्लिसरीन तयार करून वापरलं तेव्हा वेग जवळजवळ दुप्पट झाला. 1867 मध्ये तोंडं एकमेकांना भेटली तेव्हा मध्यरेषेत चूक होती ती दोन-एक इंचांची. मामा हे ऐकून खुर्चीतून उठले. "दोन इंच? विहिरीतून रेषा खाली उतरवून? तुला कळतंय का हे काय आहे?"

"मला कळतंय की त्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला की माणसं बर्फाखाली भुयारं करून झोपडीतून बोगद्यात आणि बोगद्यातून झोपडीत जात होती. हिमकडे कोसळून तळच्या तळ गाडले गेले. काही प्रेतं बर्फ वितळल्यावर सापडली. किती मेले याची नोंद कंपनीने ठेवली नाही. 1870 मध्ये इथल्याच एका वर्तमानपत्रात बातमी आली होती, की चीनला परत न्यायच्या वीस हजार पौंड अस्थी आगगाडीने आल्या. सुमारे बाराशे माणसांच्या असतील, असा त्या बातमीतला अंदाज. तुम्ही दोन इंच सांगता, मी बाराशे माणसं सांगते."

"म्हणजे ते दोन इंच त्या माणसांचे नाहीत?" मामांचा आवाज चढला. "तुझ्या पाठात ही माणसं येतात ती मरायला येतात, मार खायला येतात, हाकलली जायला येतात. काम करताना कुठे दिसतात? ग्रॅनाइटमध्ये घण कसा बसतो, पहार प्रत्येक टोल्यानंतर किती फिरवायची, बार किती खोल घ्यायचा, हे शिकायला वर्षं जातात. तुझ्या वर्गात चिनी घरांतली मुलं आहेत ना? आपल्या पणजोबाच्या आजोबांची दया यावी असं वाटतं का त्यांना? त्यांना कारागीर म्हण. बिचारे म्हणू नकोस."

मी गप्प राहिले. मला उत्तर नव्हतं, आणि अजून नाही. वहीतले त्या आठवड्याचे मथळे मी पुन्हा वाचले: शोषण, मृत्यू, बंदी. एकही मथळा कामाचा नव्हता.

पण संपाबाबत मी मागे हटले नाही. मामांचं म्हणणं, संप फसला, त्याला एवढी जागा कशाला. मी त्यांना तपशील दिला. क्रॉकरने चिनी माणसं घेऊ म्हटलं तेव्हा कामावरचा मुख्य माणूस, जेम्स स्ट्रोब्रिज, तयार नव्हता. पन्नास जण घेऊन बघू, असं ठरलं. दोन वर्षांत सेंट्रल पॅसिफिकच्या दहा मजुरांतले नऊ चिनी झाले. त्यांना महिना 35 डॉलर, खाणंपिणं स्वतःचं. गोऱ्या मजुराला राहणं-जेवण कंपनीकडून, वर पगार. 1867 च्या जूनमध्ये सिएरात मैलोगणती पसरलेल्या हजारो माणसांनी एकदम हत्यारं खाली ठेवली. मागणी 40 डॉलरची आणि बोगद्यातले तास कमी करण्याची. दंगा नाही, मारामारी नाही. क्रॉकरनेच पुढे साक्षीत सांगितलं की कामावर रविवारसारखी शांतता होती. मग त्याने डोंगरात जाणारा शिधा बंद केला. आठवड्याभरात संप मोडला.

"हजारो माणसं, तारयंत्र हातात नाही, मैलामैलावर वेगळ्या टोळ्या, आणि एका वेळी काम थांबतं," मी म्हटलं. "मामा, हेही कारागिरांचंच काम आहे. तुम्हाला बोगद्याची मध्यरेषा दिसते, ही रेषा का दिसत नाही?"

त्यांनी त्याला रुकार दिला नाही, पण दुसरं काही विचारलं. "टोळीत माणसं किती असत? पगार कोण वाटायचं?"

मी त्यांना कंपनीच्या पगारपत्रकाची छायाप्रत दाखवली. या मजुरांपैकी एकाचंही पत्र किंवा रोजनिशी अभ्यासकांना आजवर सापडलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात या मजुरांवर मोठा शोधप्रकल्प झाला, अमेरिका आणि चीन दोन्हीकडे धुंडाळलं गेलं, तरी त्यांच्या हातचं काही मिळालं नाही. उरली ती कंपनीची पत्रकं. 1864 च्या जानेवारीतल्या पत्रकात हंग वा असं नाव आहे, आणि त्याच्या टोळीत तेवीस माणसं. बाकी बावीस-तेवीस नावं नाहीत. मुलांना मी हेच सांगणार होते की गोऱ्या कारकुनाला चिनी नावं लिहायची तसदी घ्यावीशी वाटली नाही.

मामांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "हा मुकादम आहे. नावं लिहायची तसदी घेतली नाही हे खरंच, पण नुसती तसदी नाही. पैसा मुकादमाच्या हातात द्यायचा, पुढे टोळीत त्याने वाटायचा. सही एक, जबाबदारी एक. कंपनीला माणसं मोजायची असतात, ओळखायची नसतात. मस्टरवर एक नाव, त्यामागे तेवीस पोटं." त्यांनी कागद खाली ठेवला. "बोरघाटात काय वेगळं होतं? ठेकेदाराचं नाव माहीत आहे मला. सॉलोमन ट्रेडवेल. तो 1859 मध्ये वारला, मग त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुढे चालवला, तेही माहीत आहे. इंजिनिअर जेम्स बर्कली माहीत आहे. त्याच साली मजुरी मिळेना म्हणून घाटात दंगल झाली, पटकीने माणसं मेली, हे वाचलंय. 1861 मध्ये घाटात बेचाळीस हजार माणसं होती. त्यांतलं एक नाव सांग म्हटलं तर मला येत नाही. आणि मी रोज त्यांच्या बोगद्यांतून चालत गेलो."

बोरघाट खुला झाला 1863 च्या मे महिन्यात. सॅक्रामेंटोत पहिली कुदळ पडली त्याच वर्षीच्या जानेवारीत. ही जोड मला मामा येईपर्यंत सुचली नव्हती.

त्यानंतरचे काही दिवस आम्ही वादापेक्षा भर घालण्यात घालवले, आणि त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. मामांनी दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवली आणि म्हणाले, हे डबे जोडायचं कपलिंग. आपल्या मालगाड्यांना याच जातीचं असतं, आणि त्याचं मूळ अमेरिकेतलं. ईली जॅनीने त्याचं पेटंट 1873 मध्ये घेतलं. त्याआधी दोन डब्यांच्या मधे माणूस उभा राहायचा. डबा अंगावर येत असताना एका हाताने कडी धरायची आणि नेमक्या क्षणाला खिळा घालायचा. बोटं जायची, हात जायचे, जीव जायचे. नवीन माणूस नोकरी मागायला आला की त्याची तुटकी बोटं हाच त्याच्या अनुभवाचा दाखला, असं त्या काळातल्या अमेरिकन रेल्वेबद्दल सांगतात.

"आता विचार," मामा म्हणाले, "पेटंट 1873 चं, तर ते सगळ्या गाड्यांना बसलं कधी?"

लॉरेन्झो कॉफिन नावाच्या आयोवातल्या एका शेतकऱ्याने अशा अपघातांनी व्यथित होऊन वर्षानुवर्षं सभा घेतल्या, पत्रं लिहिली, आमदार-खासदारांचे उंबरे झिजवले. कायदा झाला 1893 मध्ये. वीस वर्षं उपाय तयार होता आणि माणसांची बोटं तुटत होती, कारण हजारो डब्यांना नवीन कपलिंग बसवायला पैसा लागतो आणि बोटांना तेवढा लागत नव्हता. हे बोलताना मामांचा चेहरा मी पाहिलेला नव्हता असा झाला होता. जो माणूस मला रूळ आणि चढण यांच्याबाहेर जाऊ नको म्हणत होता, तोच आता कायद्याविषयी, पैशाविषयी, मजुराच्या हाताविषयी बोलत होता. आणि तिथे तो लोखंडाच्या एका तुकड्यावरून आला होता. शिकवायची ही वाट माझ्या वाटेपेक्षा चांगली आहे. मुलाच्या हातात आधी वस्तू द्यावी. माझ्या वर्गात आता लाकडाचं कपलिंग आहे, मामांनीच आमच्या गॅरेजमध्ये करून दिलेलं.

वेळेचा पाठ आम्ही झटकन बेतला. 18 नोव्हेंबर 1883 ला दुपारी बाराला रेल्वे कंपन्यांनी देशभरची घड्याळं चार पट्ट्यांत बसवली. सरकारी कायदा व्हायला 1918 उजाडलं. मुंबईने आपली वेगळी वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती, हे मामांनी सांगितलं आणि तेही मी वहीत घेतलं.

होमर प्लेसीपाशी मात्र मी त्यांना घाई करू दिली नाही. 7 जून 1892 ला न्यू ऑर्लिन्समध्ये हा माणूस पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याला अटक झाली. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले, आणि त्या एका निकालाच्या आधारावर शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ वेगळे राहिले, ते 1954 पर्यंत तरी. मामा म्हणाले, हा कायद्याचा इतिहास, रेल्वेचा नाही. मी त्यांना मसूर स्टेशनाची आठवण दिली. 1901 मध्ये वडिलांना भेटायला निघालेला छोटा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर त्या स्टेशनावर उतरला. चांगल्या कपड्यांतली मुलं पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळली तसा मागे सरला. बैलगाडीवाला मिळेना. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. "तो रेल्वेचा इतिहास आहे की नाही, मामा? तिकीट सगळ्यांना एकाच किमतीला मिळतं. म्हणूनच स्टेशनात आणि डब्यात माणसामाणसातला फरक इतका उघडा पडतो."

"आहे," ते म्हणाले. "घे वहीत."

एका गोष्टीवर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. मामांना वाटतं, पहिल्या दिवशी भिंतीवर प्रोमोंटरीचा तो प्रसिद्ध फोटो हवा: दोन इंजिनं समोरासमोर, त्यांच्यावर चढलेली माणसं, उंचावलेल्या बाटल्या. अँड्र्यू रसेलने काढलेला. देश जोडला गेला तो क्षण मुलांनी आधी पाहावा, मग खोदकाम करावं. माझं म्हणणं, तो फोटो शेवटच्या दिवशी. ज्यांनी ग्रॅनाइट फोडला ते त्या चित्रात दिसत नाहीत. हे मुलांना मी सांगण्याऐवजी तीन आठवडे शिकून त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे. आमच्या गावातल्या रेल्वे संग्रहालयात थॉमस हिलने 1881 मध्ये पूर्ण केलेलं त्याच प्रसंगाचं भलं मोठं चित्र आहे. त्यात जूडा उभा आहे. खिळा ठोकला गेला तेव्हा त्याला जाऊन साडेपाच वर्षं झाली होती. ओळखता येतील असे सत्तरच्या आसपास चेहरे त्या चित्रात आहेत, मेलेल्या माणसाचाही आहे. मजूर आहेत ते निनावी. मामा त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "जूडाला आणलं हे बरं केलं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "जागा होती अजून." तरीही फोटो पहिल्याच दिवशी, यावर ते ठाम आहेत. मी शेवटच्या दिवशीच लावणार आहे.

परत जायच्या आधीच्या रविवारी आम्ही डॉनर खिंडीत गेलो. जुन्या चाळीस नंबरच्या रस्त्यावरून, वर दोन बोगद्यांच्या मधे, दरी भरून काढणारी एक उंच दगडी भिंत दिसते. तिला इथे चायना वॉल म्हणतात. चिनी मजुरांनी बोगद्यांतून निघालेला दगड घडवून ती हातांनी रचली आणि तिच्या माथ्यावरून रूळ गेले. मामा रस्त्याच्या कडेला उभे राहून एकेक थर मोजत होते. कुठे फुगवटा आलाय का, कुठे दगड सरकलाय का, ते पाहत होते. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावून सांध्यांकडे बोट दाखवलं.

त्या भिंतीवरून सव्वाशे वर्षं गाड्या गेल्या. 1993 मध्ये तिथले रूळ काढले. भिंत अजून जागची हललेली नाही, आणि तिच्यात कुठेही चुना नाही.